बालक, प्रेरणा आणि पडदा : महाराष्ट्रातील सचेतनपटाच्या पाच आरंभांचा विचार

१. विषयप्रवेश

कलेचा इतिहास प्रायः ती कला जेथे निर्माण होते तेथे बसून लिहिला जातो. मराठी माणसाच्या चित्रपटकलेचा इतिहासही नाशिक, कोल्हापूर, पुणे आणि मुंबई या चार नगरांच्या अनुरोधाने लिहिला गेला आहे आणि ते स्वाभाविक आहे. परंतु जी कला मुख्यतः बालकांसाठी असल्याचे मानले जाते, तिचा इतिहास लिहिताना हे चार बिंदू पुरेसे ठरत नाहीत. ती कला ज्याच्यासाठी आहे असे म्हटले जाते, तो प्रेक्षक कोठे राहत होता आणि त्याच्यापर्यंत काय पोहोचले, हेही विचारावे लागते. प्रस्तुत लेखात या प्रश्नासाठी एक मोजमापाचा खुंटा म्हणून गोंदिया जिल्ह्यातील चोरखमारा हे गाव समोर ठेवले आहे.

चोरखमारा हे तिरोडा तालुक्यातील गाव. नागझिऱ्याचे वन त्याला लागून आहे आणि त्या वनात शिरण्याचे एक द्वार या गावाच्या नावाने ओळखले जाते. गावाच्या नावाचा सिंचनतलावही प्रसिद्ध आहे. परिसरातील मुलांच्या घरी झाडीबोली, पोवारी किंवा गोंडी बोलली जाते. शाळेत प्रमाण मराठी येते. करमणुकीची जुनी साधने म्हणजे दंडार आणि खडी गंमत. हा सारा मुलूख ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाच्या भंडारा जिल्ह्यात होता; दुसऱ्या दिवशी तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात आणि १ मे १९९९ रोजी नव्या गोंदिया जिल्ह्यात. या प्रशासकीय तपशिलाचे प्रयोजन पुढे स्पष्ट होईल.

परिभाषेविषयी एक शब्द. ज्याला आज सर्रास ‘अ‍ॅनिमेशन’ आणि मुलांच्या तोंडी ‘कार्टून’ म्हणतात, त्याला येथे ‘सचेतनपट’ म्हटले आहे. निर्जीव चित्र अथवा वस्तू एकेका चौकटीत किंचित हलवून, त्या चौकटी वेगाने दाखवून तिच्या ठिकाणी चैतन्याचा भास निर्माण करणे, एवढाच त्याचा अर्थ.

लेखातील प्रतिपादन थोडक्यात असे : महाराष्ट्रात सचेतनपटाचा आरंभ एकदा झाला नाही, पाच वेळा झाला, आणि प्रत्येक आरंभ मागच्यावर उभा न राहता जवळजवळ पुन्हा शून्यापासून झाला. याचे कारण प्रतिभेच्या अभावात नाही. बालक हे या कलेचे प्रेरणास्थान वारंवार ठरले. परंतु तिचा आश्रयदाता प्रत्येक वेळी दुसराच कोणी होता आणि त्याचे प्रयोजन संपले की कलाही थांबली.

२. कल्याणची खरोलिका

पहिला आरंभ चित्रपटाच्याही आधीचा आहे. कल्याण येथील महादेव गोपाळ पटवर्धन यांनी माधवराव पितळे या स्नेह्याच्या साहाय्याने जादूच्या दिव्याचे, म्हणजे ‘मॅजिक लँटर्न’चे, प्रयोग १८९२ च्या सुमारास लोकांपुढे आणले. त्यांना नाव दिले ‘शांबरिक खरोलिका’. मायावी शंबरासुराच्या नावावरून ‘शांबरिक’, आणि खरोलिका म्हणजे दिवा. पुढे विनायक आणि रामचंद्र हे त्यांचे पुत्रही या उद्योगात उतरले.

जादूचा दिवा हे उपकरण विलायतेतून आलेले होते व त्यातून स्थिर चित्रे दाखविण्याची पद्धत हिंदुस्थानातही परिचित झालेली होती. पटवर्धनांचे वैशिष्ट्य पुढच्या पायरीत आहे. एकाच पात्राच्या निरनिराळ्या अवस्था त्यांनी काचपट्ट्यांवर हाताने रंगविल्या, एकाहून अधिक दिवे एकत्र वापरले, आणि एक चित्र मावळत असताना दुसरे उजळावे अशा रीतीने ती दाखवून पात्रांच्या हालचालीचा भास घडविला. कथा रामायण-महाभारतातील, जोडीला निवेदन आणि संगीत. चित्रांच्या साहाय्याने कथा सांगण्याची परंपरा आपल्याकडे नवी नव्हती. सिंधुदुर्गातील पिंगुळीचे ठाकर चित्रकथी एकामागून एक चित्राचे पान पुढे धरून कथा गातात ती हीच रीत. खरोलिकेने पानाची काच केली आणि हाताच्या जागी प्रकाश आणला.

याच वर्षी, २८ ऑक्टोबर १८९२ रोजी, पॅरिसच्या ग्रेव्हँ संग्रहालयात एमिल रेनो यांनी हाताने रंगविलेली चित्रफीत पडद्यावर हलवून दाखविली. तो दिवस आता जागतिक अ‍ॅनिमेशन दिन म्हणून पाळला जातो. पॅरिस आणि कल्याण यांच्यात उपकरणाच्या दृष्टीने अंतर होते. रेनोंची फीत सलग होती, पटवर्धनांच्या काचा सुट्या होत्या. तरीही दोन्ही ठिकाणी छायाचित्रणाच्या साहाय्याशिवाय, केवळ रेखाटनातून गती निर्माण करण्याचा प्रयत्न एकाच सुमारास चालू होता, ही गोष्ट आपल्या इतिहासात ठळकपणे नोंदविली जात नाही. १८९६ मध्ये मुंबईत ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे आली तेव्हा मराठी प्रेक्षकाचा एक वर्ग पडद्यावर हलणारी चित्रे आधीच पाहून बसला होता.

या आरंभाचा आश्रयदाता कोण? एक कुटुंब. कौशल्य घरातच निर्माण झाले, घरातच वाढले आणि घराबाहेर त्याचे शिक्षण देण्याची कोणतीही व्यवस्था निर्माण झाली नाही. चित्रपटाचे आकर्षण वाढले तशी खरोलिका मागे पडली. काचा उरल्या, त्या रंगविण्याची विद्या पुढच्या कोणा चित्रकाराच्या हाती गेली नाही.

३. फाळके यांच्या घरातील वाटाणा

दुसऱ्या आरंभाची कथा एका मुलापासून सुरू होते. एप्रिल १९११ मध्ये धुंडिराज गोविंद फाळके आपला थोरला मुलगा भालचंद्र याला घेऊन गिरगावातील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये प्राण्यांचा एक चित्रपट पाहण्यास गेले. पडद्यावर जिवंत प्राणी पाहिल्याचे मुलाने घरी आईला सांगितले. कोणाचा विश्वास बसेना. म्हणून दुसऱ्या दिवशी सारे कुटुंब गेले. तो ईस्टरचा दिवस होता आणि पडद्यावर ख्रिस्ताचे चरित्र होते. त्यातून श्रीकृष्ण आणि श्रीराम पडद्यावर आणण्याचा संकल्प फाळक्यांच्या मनात कसा उद्भवला, हे सर्वश्रुत आहे. इतिहासकार या प्रसंगातील दुसरा दिवस आवर्जून सांगतात. आमच्या विषयाच्या दृष्टीने पहिला दिवस अधिक महत्त्वाचा आहे. भारतीय चित्रपटाच्या उगमापाशी एका बालकाचे आश्चर्य, आणि ते घरात कोणाला न पटणे, या दोन गोष्टी आहेत.

फेब्रुवारी १९१२ मध्ये फाळके लंडनला गेले, कॅमेरा व छिद्रे पाडण्याचे यंत्र खरेदी करून परतले. आता द्रव्यसाहाय्य हवे होते. आणि सावकाराला दाखविण्यास हातात काही नव्हते. तेव्हा त्यांनी कुंडीत एक वाटाणा पेरला, कॅमेरा समोर स्थिर ठेवला आणि ठरावीक अंतराने एकेक चौकट घेत राहिले. परिणामी अंकुर फुटून वेल चढण्याची दीर्घ क्रिया पडद्यावर अल्पावधीत घडताना दिसली. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ओळखली जाणारी ही फीत पाहून यशवंतराव नाडकर्णी आदींनी कर्ज दिले आणि ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ प्रेक्षकांपुढे आला. त्यातील रोहिदासाची भूमिका याच भालचंद्राने केली. कच्च्या फितीला छिद्रे पाडण्यापासूनच्या कामात सरस्वतीबाई फाळके यांचा हात होता. म्हणजे येथेही कारखाना घरातच होता.

वाटाण्याच्या फितीला काटेकोर अर्थाने सचेतनपट म्हणता येणार नाही. कारण वेल स्वतःच वाढत होता, फाळके त्याला हलवीत नव्हते. तथापि एकेक चौकट घेऊन काळ आकसता येतो हे तंत्र त्यांच्या हाती आले. ते १९१५ च्या ‘आगकाड्यांची मौज’ या लघुपटात पुरतेपणी उतरले. येथे निर्जीव आगकाड्या एकेका चौकटीला सरकवून त्यांच्या आकृती घडविल्या व मोडल्या. असा प्रयोग युरोपात झालेला होता. एमिल कोल या फ्रेंच व्यंगचित्रकाराचा आगकाड्यांचा चित्रपट १९०८ मधील आहे. फाळक्यांच्या प्रयोगाचा संबंध अभ्यासक त्याच्याशी जोडतात.

या कामाला किती कष्ट पडत याची कल्पना गणिताने येईल. मूकपटाचा वेग सेकंदाला सुमारे १६ चौकटी धरला, तर एका मिनिटासाठी ९६० वेळा काड्या सरकवाव्या लागतात आणि ९६० वेळा कॅमेऱ्याचे दांडके फिरवावे लागते. हे सारे करून तयार होणारी फीत मुख्य चित्रपटाच्या जोडीला दाखवायची. ‘मोहिनी भस्मासुर’बरोबर ‘पिठाचे पंजे’ हा छोटा विनोदी पट दाखविला जाई, त्याच जातीची ही पुरवणी. प्रेक्षक तिकीट काढी ते मोहिनीसाठी, आगकाड्यांसाठी नव्हे. म्हणूनच फाळक्यांची बुद्धी पुढे पौराणिक चित्रपटातील चमत्कारांकडे वळली. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये बाळकृष्णाची भूमिका त्यांची कन्या मंदाकिनी हिने केली. चमत्कारदृश्यांचे कौशल्य होतेच. ते आता कथेच्या सेवेला लागले. मूल पडद्यावर आले, पण केवळ मुलासाठी फीत काढण्याचा व्यवहार उभा राहिला नाही.

४. १९३४ : प्रभातचे ‘जंबू काका’

बोलपटाचे युग आल्यावर अमेरिकेतील व्यंगपटांची लाट येथील शहरांत पोहोचली. डिस्ने यांचा मिकी माऊस १९२८ मध्ये प्रकट झाला आणि अल्पावधीत जगभर पसरला. हिंदुस्थानात या लाटेचे उत्तर १९३४ मध्ये एकाच वेळी अनेक ठिकाणांहून आले. कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने गुणमय बॅनर्जी यांचा ‘द पी ब्रदर्स’ काढला. आणि महाराष्ट्रात प्रभात फिल्म कंपनीने रघुनाथ केळकर यांच्याकडून ‘जंबू काका’ हा व्यंगपट करविला. त्याचा नायक कोल्हा. संस्कृतातील ‘जंबुक’ आणि मराठी घरातील ‘काका’ यांचा हा संयोग मोठा अर्थपूर्ण आहे. पंचतंत्रातून आलेले धूर्त श्वापद नात्याच्या नावाने हाक मारण्याजोगे झाले.

प्रभातची स्थापना १९२९ मध्ये कोल्हापुरास झाली व १९३३ मध्ये ती पुण्यास आली. चित्रकार फत्तेलाल आणि तंत्रज्ञ दामले यांच्यासारखे संस्थापक असलेल्या या कंपनीत रेखाटन, नेपथ्य आणि कॅमेऱ्याच्या करामती यांची कमतरता नव्हती. मग ‘जंबू काका’ची मालिका का झाली नाही? पुनः गणित पाहावे. बोलपटाचा वेग सेकंदाला २४ चौकटी. सात मिनिटांच्या व्यंगपटास १०,०८० चौकटी लागतात. एक चित्र दोन चौकटींना वापरले तरी ५,०४० चित्रे. जगभर विकून ज्याचा खर्च आधीच भरून निघालेला आहे असा अमेरिकन व्यंगपट चित्रगृहाला भाड्याने सहज मिळत असता, केवळ येथल्या प्रेक्षकावर विसंबून एवढी चित्रे काढणे कंपनीला परवडण्यासारखे नव्हते.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. प्रभातमधील करामतीचे कौशल्य वाया गेले नाही; त्याने दुसरा मार्ग धरला. १९३६ च्या ‘संत तुकाराम’मधील विमान आणि १९३८ च्या ‘गोपालकृष्ण’मधील बाललीला यांत ते प्रेक्षकांनी पाहिले. फाळक्यांच्या बाबतीत जे घडले त्याचीच ही पुनरावृत्ती. मराठी चित्रपटाला चमत्कार हवा होता, कारण भाविक त्यासाठी पैसे मोजत होता; कोल्ह्याची गंमत ज्याला हवी होती त्याच्या खिशात पैसे नव्हते. गो. का. गोखले यांच्यासारखे थोडे कलावंत मात्र हा मार्ग सोडीनात. त्यांचा ‘सुपरमॅन्स मिथ’ हा व्यंगपट १९३९ मधील आहे. ते पुढे पुन्हा भेटतील.

५. शासकीय आश्रय : हरणाचे जातक

चौथा आरंभ मुंबईत, शासनाच्या छत्राखाली झाला. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनच्या हाती असे एक साधन होते, जे फाळके किंवा प्रभात यांना कधीच लाभले नाही : प्रदर्शनाची हमी. प्रत्येक चित्रगृहाने मुख्य खेळापूर्वी शासनमान्य वार्तापट वा अनुबोधपट दाखविणे परवान्याच्या अटीनुसार बंधनकारक होते. सचेतनपटाच्या मार्गातील मुख्य धोंड, म्हणजे खर्च भरून निघेल की नाही ही चिंता, येथे आपोआप दूर झाली.

१९५६ मध्ये या संस्थेत व्यंगपट विभाग निघाला. अमेरिकेच्या तांत्रिक साहाय्य योजनेतून क्लेअर वीक्स हे मार्गदर्शक आले. त्यांचा जन्म भारतातच एका मिशनरी कुटुंबात झालेला होता व डिस्नेच्या स्टुडिओत त्यांनी अनेक वर्षे काम केले होते. त्यांच्या हाताखाली जी मंडळी तयार झाली त्यांत राम मोहन (१९३१–२०१९) हे नाव पुढे फार मोठे झाले. गोखले यांचाही या विभागाशी निकटचा संबंध आला. महाराष्ट्राच्या भूमीवर सचेतनपटाचे पद्धतशीर शिक्षण प्रथम मिळाले ते येथे, आणि म्हणून हा आरंभ इतर चारांहून निराळा मानावा लागतो.

विभागाच्या आरंभीच्या कृतींपैकी ‘द बनियन डिअर’ ही १९५७ च्या सुमाराची कृती विशेष विचार करण्यासारखी आहे. कथा जातकातील. काशीचा राजा रोज मृगया करी. कळपाची वाताहत होऊ नये म्हणून हरणांनी पाळी लावली आणि रोज एक हरीण स्वतः वधस्थानी जाऊ लागले. एके दिवशी पाळी गर्भिणी हरिणीवर आली. तेव्हा निग्रोध नावाच्या मृगराजाने तिच्या जागी आपली मान पुढे केली आणि त्याच्या त्यागाने वरमलेल्या राजाने सर्व प्राण्यांना अभय दिले. आकृतींची रेखाटणी करताना अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचा आदर्श पुढे ठेवला होता. म्हणजे तंत्र डिस्नेचे, रेषा अजिंठ्याची आणि कथा पालीतील. परक्या तंत्राला देशी अंग देण्याचा हा प्रयत्न गंभीर होता, यात शंका नाही.

चोरखमाऱ्याचा खुंटा येथे उपयोगी पडतो. नागझिऱ्याच्या कडेला वाढणाऱ्या मुलाला हरिणांचा कळप, त्याचे बुजणे, शिकाऱ्याचे भय या गोष्टी पुस्तकातून शिकाव्या लागत नाहीत. या कथेचा याहून जाणता प्रेक्षक मिळणे कठीण. ज्या वर्षी हा विभाग निघाला त्याच वर्षी हा प्रदेश मुंबई राज्यात आला, म्हणजे कागदोपत्री निर्माता आणि प्रेक्षक एका राज्याचे रहिवासी झाले. परंतु प्रदर्शनाची हमी होती ती चित्रगृहापुरती. चित्रगृह नगरात, आणि तेथे खेळाआधीची फीत पाहण्यास बसलेला प्रेक्षक बहुतांशी प्रौढ, मुख्य चित्रपटासाठी आलेला. हमी होती पण ती बालकापर्यंतची नव्हती.

या विसंगतीचा परिणाम विभागाच्या विषयांवरही झाला. पुढील काळात कुटुंबनियोजन, अल्पबचत, आरोग्य, राष्ट्रीय योजना यांच्या प्रचारासाठी व्यंगपटाचा वापर होत गेला. तो अयोग्य होता असे नव्हे. शासनाला जे सांगायचे होते ते सोप्या रेषेत सांगण्याचे ते उत्तम माध्यम होते. ओरिसातून आलेले व प्राग येथे यिरी त्रिंका यांच्याजवळ शिकलेले प्रमोद पती यांच्यासारख्यांनी त्याच आश्रयाखाली अत्यंत धाडसी प्रयोगही केले. परंतु बालक या दोहोंच्या मध्ये कोठेच नव्हते : एकीकडे प्रौढ नागरिक, दुसरीकडे कलेचा रसिक.

बालकांसाठी स्वतंत्र संस्था नव्हती असे नाही. बाल चित्रपट समिती ११ मे १९५५ रोजी स्थापन झाली. मात्र तिचा ओढा मुख्यतः नटांनी अभिनय केलेल्या कथापटांकडे राहिला. रेखाटणाऱ्यांचा विभाग एका संस्थेत आणि बालकांची जबाबदारी दुसऱ्या संस्थेत, अशी ही वाटणी होती.

६. ‘एक अनेक और एकता’

पाचवा आरंभ या दोहोंना क्षणभर एकत्र आणणारा ठरला. मुंबईत जन्मलेल्या विजया मुळे (१९२१–२०१९) यांनी पाटण्यास आणि पुढे दिल्लीस चित्रपट-मंडळाच्या चळवळीत दीर्घकाळ काम केले होते. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन परिषदेच्या शैक्षणिक तंत्रज्ञान केंद्राची धुरा त्यांनी सांभाळली. १९७४ मध्ये त्यांनी फिल्म्स डिव्हिजनकरिता ‘एक अनेक और एकता’ हा लघुपट केला. रेखाटन भीमसेन यांचे. ‘अनेक’ म्हणजे काय, असे लहान मुले विचारतात आणि मोठी ताई जाळ्यात अडकलेल्या पक्ष्यांची पंचतंत्रातील गोष्ट सांगून उत्तर देते. पक्षी एकवटून जाळ्यासह उडतात. उंदीर जाळे कुरतडतात. या पटाला शैक्षणिक चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि दूरदर्शनवरून तो एका संपूर्ण पिढीच्या स्मरणात जाऊन बसला.

या कृतीचे संगीत वसंत देसाई यांचे आहे, ही गोष्ट आमच्या प्रतिपादनाच्या दृष्टीने मोलाची आहे. देसाई कोकणातून येऊन प्रभात कंपनीच्या आरंभापासून तिच्यात वावरले. १९५३ च्या ‘श्यामची आई’चे संगीतही त्यांचेच. बालकासाठी गाणे कसे रचावे ही विद्या कोल्हापूर-पुण्यापासून १९७४ च्या पडद्यापर्यंत अखंड चालत आली. त्यातील एका बालस्वराची धनी पुढे पार्श्वगायिका म्हणून ख्यातनाम झालेली साधना सरगम. कथेची परंपराही अखंड होती. जंबुक आणि पक्षी हे दोघेही एकाच कथासागरातील. तुटलेली होती ती रेषेची परंपरा. ‘जंबू काका’ काढणारा हात आणि १९७४ चे पक्षी काढणारा हात यांच्यात गुरुशिष्याचा धागा नाही. सूर आणि कथा यांना समाजात घर होते. चौकटीगणिक रेखाटण्याच्या विद्येला कार्यशाळेशिवाय घर नसते, आणि कार्यशाळा आश्रयदात्याच्या इच्छेवर उभी असते.

याच सुमारास वितरणाचा एक विलक्षण प्रयोग झाला. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात अमेरिकेच्या उपग्रहाच्या साहाय्याने ‘साइट’ योजनेखाली सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत थेट दूरचित्रवाणी पोहोचविली गेली. सकाळी शाळेतील मुलांसाठी कार्यक्रम होत, आणि त्यांच्या निर्मितीत मुळे यांच्या केंद्राचा वाटा होता. चित्रगृहाला वळसा घालून खेड्यातील मुलापर्यंत पडदा नेण्याचा हा देशातील पहिला मोठा प्रयत्न. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. मध्य प्रदेशातील निवडलेली खेडी रायपूरच्या बाजूची होती. म्हणजे गोंदियावरून जाणाऱ्या हावडा मार्गावरच काही तासांच्या अंतरावर. १९५६ मध्ये राज्याची सीमा गोंदियाच्या पूर्वेस सरकली. त्या सीमेच्या पलीकडे उपग्रहाचा पडदा उजळला आणि अलीकडे नाही. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ पासून चालू होते, त्यावर ‘किलबिल’सारखा मराठी बालकार्यक्रमही होता, पण त्याच्या लहरी मुंबईच्या आसमंतापलीकडे फार जात नव्हत्या. प्रेरणा, निर्मिती आणि वितरण या तिन्ही गोष्टी मराठी प्रदेशाभोवती फिरत असताना त्याचे पूर्वेचे टोक तिन्हींच्या बाहेर राहिले.

७. एक तुलना

हा परिणाम अटळ होता असे मानण्याचे कारण नाही. बालकांसाठीच्या मराठी नियतकालिकांचा इतिहास याच काळातला असून तो अगदी वेगळा आहे. वासुदेव गोविंद आपटे यांनी १९०६ मध्ये ‘आनंद’ मासिक काढले. नोव्हेंबर १९७१ मध्ये बालभारतीने ‘किशोर’ सुरू केले. यांच्यामध्ये आणि आधीही अनेक मासिके निघाली व बंद पडली. परंतु परंपरा तुटली नाही. एका मासिकाचा लेखक दुसऱ्यात गेला, एकाचा चित्रकार दुसऱ्याला मिळाला, एका पिढीचा वाचक पुढच्या पिढीचा संपादक झाला.

दोहोंतील भेद मुख्यतः आश्रयाच्या स्वरूपात आहे. मासिकाची वर्गणी पालक किंवा शाळा भरते आणि ती मुलाच्या नावाने भरते. मुलाला अंक आवडला नाही तर वर्गणी थांबते. संपादकाला म्हणूनच मुलाकडे पाहावे लागते. शिवाय टपालाने जाणारा अंक आणि पाठ्यपुस्तकांच्या वाटेने जाणारे मासिक यांना चित्रगृहाची गरज नसते. जिल्हा परिषदेची शाळा पुरते. सचेतनपटाचा खर्च पाचही वेळा अनुक्रमे एका कुटुंबाने, एका छांदिष्ट कारागिराने, एका कंपनीच्या शिलकेने, शासनाच्या प्रचारखात्याने आणि शिक्षणखात्याने सोसला. यांपैकी कोणालाही मुलाच्या पसंतीवर जगावे लागत नव्हते. शेवटच्या दोघांच्या बाबतीत तर मुलाच्या नापसंतीची वार्ताही त्यांच्यापर्यंत पोहोचण्याची सोय नव्हती.

या विधानावर एक आक्षेप संभवतो. १९९० नंतर बाजाराने मुलाला ग्राहक म्हणून ओळखले. मग परंपरा निर्माण झाली काय? १९९५ मध्ये भारतात कार्टून नेटवर्क आले. २००५ मध्ये व्ही. जी. सामंत दिग्दर्शित ‘हनुमान’ या पूर्ण लांबीच्या सचेतनपटाला चित्रगृहात यश मिळाले. २००८ पासून हैदराबादेत निर्माण झालेला ‘छोटा भीम’ घरोघरी पोहोचला. हा व्यवसाय मोठा झाला आणि त्यात शेकडो मराठी तरुणांना काम मिळाले, हे मान्य केले पाहिजे. परंतु ही ओळख पटली ती हिंदीतून. मराठी सचेतनपटाची उदाहरणे, जसे २०१८ चा ‘प्रभो शिवाजी राजा’, विरळाच राहिली. मराठी मुलाची मातृभाषा बाजाराच्या दृष्टीने लहान, आणि झाडीबोली वा गोंडी तर हिशेबातच नाहीत. आश्रयदाता बदलला, तो मुलाकडे पाहू लागला, पण मुलाच्या बोलीकडे नव्हे.

उत्सवांविषयीही असेच म्हणता येईल. मुंबईत १९९० पासून अनुबोधपट, लघुपट व सचेतनपट यांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव भरू लागला. बालचित्रपटांचे आंतरराष्ट्रीय महोत्सव १९७९ पासून होत आले. यांनी निर्मात्यांना एकत्र आणले, जगातील उत्तम कृती दाखविल्या, नव्यांना स्फूर्ती दिली. मात्र महोत्सव हा आठवड्याचा असतो. आणि ज्या संस्थांच्या आधारावर ते उभे होते त्या फिल्म्स डिव्हिजन व बाल चित्रपट समिती २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाल्या. व्यंगपट विभागाची परंपरा कोणी व कशी चालवावी, हा प्रश्न त्यामुळे पुन्हा नव्याने उपस्थित झाला आहे.

८. समारोप

पाच आरंभांच्या या आढाव्यातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, ‘प्रेरणा’ ही इतिहासाची पुरेशी उपपत्ती नव्हे. फाळक्यांना मुलाच्या आश्चर्याने प्रेरणा दिली, जातकाने फिल्म्स डिव्हिजनच्या चित्रकारांना दिली, पंचतंत्राने केळकर आणि मुळे या दोघांनाही दिली. प्रेरणेचा दुष्काळ महाराष्ट्रात कधीच पडला नाही. तुटवडा होता तो एका हातातील विद्या दुसऱ्या हातात देणाऱ्या स्थिर कार्यशाळेचा, आणि निर्मात्याला बालकाशी बांधून ठेवणाऱ्या वितरणव्यवस्थेचा. दुसरा निष्कर्ष अभ्यासपद्धतीसंबंधी आहे. या कलेचा इतिहास निर्मितीच्या तारखांनी लिहिला तर तो ‘पहिला’, ‘आद्य’, ‘सर्वप्रथम’ अशा विशेषणांची मालिका होतो. पोहोचण्याच्या तारखांनी लिहिला तर वेगळेच चित्र दिसते.

ते काम व्हावयाचे आहे आणि ते पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील आहे. चोरखमाऱ्यासारख्या गावी ज्यांनी १९६० ते १९९० या काळात बालपण काढले, ती माणसे आज हयात आहेत. पडद्यावर हलणारे रेखाटलेले चित्र त्यांनी प्रथम कोठे पाहिले : तिरोड्याच्या चित्रगृहात, जत्रेतील फिरत्या तंबूत, शाळेत की शेजारच्या घरातील दूरचित्रवाणी संचावर? ते कोणत्या भाषेत होते? घरी येऊन त्यांनी ते आईला सांगितले तेव्हा तिला ते पटले काय? १९११ मध्ये गिरगावातील एका मुलाने घरी येऊन जे सांगितले, त्याची नोंद झाली म्हणून आपल्याला एक इतिहास मिळाला. इतर मुलांनी जे सांगितले ते ऐकून लिहून ठेवणारा कोणी नव्हता. ती साक्ष गोळा करण्याचा अवधी आता थोडा उरला आहे.